मदत हवी आहे : इंग्रजीतील ‘अप’ या शब्दाच्या अर्थांची वर्गवारी

मराठी माध्यमातील आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी मी ‘अप’ या शब्दावर एक टिपण तयार करत असून एका ठिकाणी अडलो आहे. ‘वर’ हा मूळ अर्थ मुलांना सहज कळतो आणि ‘स्पीक अप’मधील (आवाज वाढवून बोलणे) वाढीचा अर्थही त्यापासून फार दूर नाही. अडचण येते ती पूर्णत्व दाखवणाऱ्या वापरात. ‘ईट’ म्हणजे खाणे, पण ‘ईट अप’ म्हणजे ताटातले सगळे खाऊन टाकणे. ‘ड्राय अप’ म्हणजे पार आटून जाणे. येथे आपली ‘टाकणे’ आणि ‘जाणे’ ही सहायक क्रियापदे जवळजवळ तेच काम करतात, आणि हे साम्य मला फार मोलाचे वाटते. ‘टर्न अप’साठी (अचानक येऊन हजर होणे) तर आपल्याकडे ‘उगवणे’ तयारच आहे.

मात्र ‘गिव्ह अप’ (सोडून देणे, हार मानणे) आणि ‘मेक अप’ (भांडणानंतर पुन्हा गोडी होणे या अर्थी) यांपैकी कशातच बसत नाहीत. शब्दकोशांतील नोंदी मी पाहिल्या आहेत. अर्थांची लांबलचक यादी मुले पाठ करतात आणि विसरतात, म्हणून ती नको आहे. ‘लुक इट अप’मधील शब्दक्रम (‘इट’ मध्ये येणे) आधीच शिकवून झाला आहे. हाताशी एकच तास आहे.

अशा क्रियापदांना ‘पूर्णत्व’ या गटातच ओढूनताणून बसवावे, की त्यांना स्वतंत्र शब्द मानून वेगळे शिकवावे, आणि वेगळे शिकवायचे तर ती ओळखण्याची कोणती खूण मुलांना देता येईल?