चीनशी कर्जाची बोलणी: शिष्टाई, मध्यस्थी, हमी की आणखी काही?

श्रीलंकेच्या कर्जाबद्दल मराठीत वाचताना शब्दांचा फार घोळ होतो. कुठे ‘भारताची शिष्टाई’, कुठे ‘मध्यस्थी’, कुठे ‘भारताने हमी दिली’, आणि शेवटी ‘चीनकडून कर्जमाफी’. हे सगळं बरोबर आहे का? जाणकारांनी सांगावं.

---

चांगला विषय काढलात. माझ्या मते चारपैकी एकही शब्द तिथे नीट बसत नाही, आणि ‘हमी’ने तर सरळ गैरसमज होतो.

आधी काय झालं ते. एप्रिल 2022 मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी (IMF) पैसे द्यायला तयार होता, पण अट अशी की आधी मोठ्या धनकोंनी, म्हणजे चीन, जपान आणि भारताने, आम्ही कर्जात सवलत देऊ असं लिहून द्यायचं. भारताने जानेवारी 2023 मध्ये तसं पत्र नाणेनिधीला पाठवलं आणि जयशंकरांनी कोलंबोत जाऊन ते जाहीर केलं. आता याला ‘हमी’ म्हटलं की आपल्याकडे वाचणाऱ्याला वाटतं भारत जामीन राहिला, उद्या श्रीलंकेने बुडवलं तर आपण भरायचं. तसं काहीच नव्हतं, आपलंच येणं होतं आणि त्यात सवलत द्यायचा लेखी शब्द दिला होता. म्हणून ‘सवलतीचं लेखी आश्वासन’ म्हणावं, लांब होतं पण खरं आहे.

याच कारणाने ‘मध्यस्थी’ही चुकीचं. मध्यस्थ दोघांच्या मधला, इथे भारत स्वतःच घेणेकरी. ‘शिष्टाई’ मात्र वेगळी. कृष्ण शिष्टाईला गेला तो पांडवांच्या बाजूने, तटस्थ म्हणून नाही. म्हणजे एका पक्षाचं म्हणणं घेऊन दुसऱ्याच्या दारी जाणं ती शिष्टाई. त्या हिशेबाने श्रीलंकेचे परराष्ट्रमंत्री अली साबरी जून 2023 मध्ये बीजिंगला गेले त्याला शिष्टाई म्हणा, एकदम चपखल.

---

पण चीनमध्ये बोलणी नक्की कोणाशी होतात? सरकारशी की बँकेशी? आणि ‘कर्जमाफी’चं काय, ते राहिलंच.

---

बोलणी कागदावर बँकेशी. श्रीलंकेचं बरंचसं चिनी कर्ज चायना एक्झिम बँकेचं आहे, ती सरकारी बँक, त्यामुळे राजदूत आणि मंत्री मध्ये येतातच, पण सही बँकेची लागते. जानेवारी 2023 मध्ये एक्झिमने पत्र दिलं त्यात फक्त दोन वर्षं हप्ते पुढे ढकलायची तयारी होती, तेवढ्याने नाणेनिधीचं भागेना. मार्चच्या सुरुवातीला नवं पत्र आलं, तेव्हाचे श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष रनिल विक्रमसिंघेंनी ते संसदेत सांगितलं आणि 20 मार्चला नाणेनिधीचं सुमारे 3 अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर झालं. म्हणजे दोन महिने सगळं एका पत्रातल्या शब्दांवर अडून होतं. पुढे भारत, जपान, फ्रान्स यांच्या अध्यक्षतेखाली धनकोंची समिती झाली, चीन तिच्यात सामील झाला नाही, त्याने वेगळी बोलणी केली. शेवटी 26 जून 2024 ला एकाच दिवशी समितीशी पॅरिसमध्ये आणि एक्झिमशी बीजिंगमध्ये करार झाले.

आता ‘माफी’. समितीच्या करारात मुद्दल कापलेलं नाही, हप्ते 2028 पर्यंत थांबले आणि फेड 2043 पर्यंत लांबली. एक्झिमच्या सुमारे 4.2 अब्ज डॉलरलाही मुदतवाढच मिळाली. झांबियाचंही तेच, 2023 चा 6.3 अब्ज डॉलरचा समझोता, चीन आणि फ्रान्स सहअध्यक्ष, तिथेही मुदत वाढली, व्याज घटलं. माफी म्हणजे देणं संपलं, इथे देणं उभं आहे. आपल्या जिल्हा बँकेत दुष्काळी वर्षी पीककर्जाचे हप्ते पाडून देतात त्याला ‘पुनर्गठन’ म्हणतात, गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याला माफी आणि पुनर्गठन यातला फरक विचारा, झोपेतून उठवलं तरी सांगेल. तोच शब्द इथे वापरावा, ‘पुनर्रचना’ही चालेल.

तसंच श्रीलंकेतल्या हंबनटोटा बंदराचं. ‘बंदर चीनने जप्त केलं’ असं अजूनही लिहितात. 2017 मध्ये ते एका चिनी कंपनीला 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलं, 1.12 अब्ज डॉलर आले, आणि बंदराचं कर्ज श्रीलंकेच्या डोक्यावर तसंच राहिलं. व्यवहार वाईट होता असं जरूर म्हणा, मलाही तसंच वाटतं, पण जप्ती नव्हती.