अनुभव धागा : थर्टीफर्स्टच्या पार्टीला घरचे जेली शॉट्स

यंदा थर्टीफर्स्ट आमच्या गच्चीवर आहे. माणसं वीसेक, त्यात दोन घरं पक्की शाकाहारी, चार-पाच पोरंटोरं आणि एक सासूबाई (त्यांना ब्रीझर चालतं, पण "दारू नको"). भाचीने फर्मान काढलंय की जेली शॉट्स (दारू घालून धरलेल्या जेलीचे घासभर कप) झालेच पाहिजेत. माझ्याकडे एकच सूत्र आहे, अमेरिकेतल्या जेलीच्या ८५ ग्रॅमच्या पाकिटाचं : एक कप (२४० मिली) उकळतं पाणी, त्यात पावडर पूर्ण विरघळवायची, मग अर्धा कप गार पाणी आणि अर्धा कप व्होडका. तीस-तीस मिलीचे सोळा होतात. ज्यांनी घरी केलेत त्यांनी प्रमाणासकट लिहा. "छान होतात, नक्की करा" एवढंच लिहून पळू नका.

— गच्चीवाली

*

आमच्याकडे न्यू जर्सीत ही जुलैची गोष्ट. चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, लाल-पांढरा-निळा असे तीन थर लावतो. हॉटेलवाले पार्सलमध्ये चटणी देतात तसले झाकणाचे ६० मिलीचे प्लास्टिक कप घ्यायचे. झाकण असलं की ट्रेवर ट्रे रचता येतो आणि फ्रिजमधल्या कालच्या आमटीचा वास जेलीला लागत नाही.

थरांची सगळी मेख वेळेत आहे. खालचा थर बोटाला चिकटला पाहिजे, पण बोट आत रुतता कामा नये. तेव्हाच वरचा ओतायचा, तोही कोमट, चमच्याच्या पाठीवरून. खालचा थर पार घट्ट झाला असेल तर खाताना दोन्ही सुटे होतात आणि वरचा गरम ओतला तर रंग मिसळून जांभळा चिखल होतो. पांढऱ्या थराला कंडेन्स्ड मिल्क, साधं जिलेटिन आणि नारळाच्या स्वादाची रम. खरं सांगायचं तर लोक तो पांढराच मागून खातात, बाकीचे दोन फोटोपुरते.

— एडिसनकर

*

हॉटेलच्या थंड विभागात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं तांत्रिक.

साधं बिनस्वादाचं जिलेटिन वापरणार असाल तर आधी गार पाण्यात पाच-दहा मिनिटं फुगवा, मग गरम पाण्यात विरघळवा. जिलेटिन घालून उकळत ठेवू नका, पकड जाते. सात ग्रॅम जिलेटिन दोन कपांना पुरतं असं पाकिटावर लिहिलेलं असतं. ते चमच्याने खायच्या लुसलुशीत जेलीचं प्रमाण. कपातून अख्खा सुटून हातात धरता येईल असा शॉट हवा तर तेवढंच जिलेटिन एका कपाला. दारू सगळ्यात शेवटी, मिश्रण कोमट झाल्यावर. उकळत्यात ओतलीत तर वास स्वयंपाकघरभर आणि जेलीत कमी.

आपल्याकडची व्होडका ४२.८ टक्क्यांची असते. एकूण द्रवाच्या निम्म्यापर्यंत ती घातली तरी नीट सेट होते. त्यापुढे "अजून जरा" करणारा एक दोस्त प्रत्येक पार्टीत असतोच, त्याला बर्फ आणायला पाठवा.

ताजा अननस, किवी, पपई आणि कच्चं आलं जिलेटिनमध्ये नाही म्हणजे नाही. त्यांतली एन्झाइम्स जिलेटिनचं प्रथिन तोडतात आणि रात्रभर ठेवूनही हाती सरबतच येतं. डब्यातला अननस चालतो, कारण तो डबाबंद करताना तापवलेला असतो. ताजाच हवा असेल तर आधी उकळून घ्या.

— गार्डमांजे

*

शाकाहारी घरांसाठी माझं ऐका. जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांतून येतं, त्यामुळे विषय तिथेच संपतो. आपल्या दुकानांत मिळणारी बरीच जेली क्रिस्टल्स हिरव्या ठिपक्याची असतात. ती समुद्री शेवाळातल्या कॅराजीननवर सेट होतात. ठिपका आणि घटक दोन्ही वाचूनच घ्या. परदेशातून आलेल्या पाकिटावर तर नक्कीच.

मी थेट चायना ग्रास (म्हणजे अगर, तेही शेवाळातलंच) वापरते. पावडर असेल तर एक कप द्रवाला एक सपाट चहाचा चमचा. ती नुसती विरघळवून भागत नाही, दोन-तीन मिनिटं चांगली उकळावी लागते. धागे असतील तर जास्त वेळ, आणि मग गाळून. चायना ग्रास साधारण ३५ ते ४० अंशांवरच धरायला लागतं, म्हणून फ्रिजमधली थंडगार व्होडका त्यात ओतलीत की गाठी. बाटली तासभर आधी बाहेर काढून ठेवा.

फायदा असा की एकदा धरलं की ८५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत वितळत नाही, गच्चीवर बिनधास्त मिरवा. तोटा : जिलेटिनसारखं जिभेवर विरघळत नाही, दाताखाली तुटतं. साच्याला मी इडलीपात्र वापरते. तुपाचं बोट फिरवायचं, काठ सोडवून उलटं केलं की टपाटप पडतात.

— मुलुंडची_माई

*

गोव्यातून लिहितोय. इथे प्रश्न कशात घालायचं हा नसतो, काय घालायचं हा असतो. उर्राक (काजूबोंडांच्या रसाची पहिल्या वाफेची दारू) सगळ्यात मस्त, पण तो काजूच्या मोसमातला, फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत. त्याचा जोर कमी, त्यामुळे जेलीत सढळ हाताने घालता येतो. लिंबाचं सोडापेय, चिरलेली हिरवी मिरची, मीठ, असा जो ग्लास आम्ही पितो त्याचीच जेली करायची. सोड्यातला गॅस तेवढा राहत नाही.

डिसेंबरात मात्र फेणी. (२००९ पासून तिला जीआय मानांकन आहे, बाहेरच्या कोणी काजूची दारू गाळून तिला फेणी म्हणायचं नाही.) फेणीचा वास जेलीत झाकला जाईल ही आशा सोडा. त्याला तोलामोलाचा जोडीदार हवा, तो म्हणजे आगळ, कोकमाचा खारवलेला रस. अर्धा कप फेणी, दीड कप गोड कोकम सरबत, वर चिमूटभर मीठ. कोकमाच्या आंबटपणाने जिलेटिन ढिलं पडतं, तेव्हा थोडं वाढवून घ्या. नाताळात शेजारच्या घरून नेवऱ्या, दोदोल, बिबिंकाचं ताट येतं, त्यात आम्ही हे शॉट्स परत पाठवतो. रिकामं ताट पाठवायची पद्धत नाही आणि मला दोदोल येत नाही.

— काजूबोंड

*

जर्मनीत याला वोडका-वाकेलपुडिंग म्हणतात, वाकेल म्हणजे डुगडुगणारं. कोलोनच्या कार्निव्हलमध्ये आमच्या ऑफिसातल्या एक आजी हिरव्यागार शॉट्सचा ट्रे घेऊन येतात. स्वाद वाल्डमाइस्टर नावाच्या रानवनस्पतीचा, जरा गवतासारखा, जरा व्हॅनिलासारखा. पहिल्यांदा तोंड वाकडं होतं, मग तोच लागतो. इथल्या नेहमीच्या पाकिटात साखर नसते, आपण घालायची. ती विसरलात तर खोकल्याचं औषध तयार.

— ऱ्हाईनकाठी

*

दारू ग्लासातच बरी दिसते. चघळायची कसली? सोबत शेंगदाणे असतील तर येतो मात्र.

— काकडीकाका

*

@काकडीकाका, हे कालच्या पोरांचं खूळ नाही. १८६२ साली अमेरिकेत जेरी थॉमस नावाच्या बारटेंडरने आपल्या पुस्तकात पंच या मिश्र मद्यपेयाच्या जेलीची कृती दिली आहे, आणि हिच्यात दारूचा जोर कळत नाही, बेताने खा, असा इशाराही सोबत दिलाय. गाणी रचणारे गणितज्ञ टॉम लेहरर सांगत की १९५०च्या दशकात लष्करात असताना तळावरच्या ख्रिसमस पार्टीत मद्यपेयांना बंदी होती, म्हणून त्यांनी व्होडका घालून संत्र्याची जेली केली. पेय नाही ना, मग बंदी कसली!

— जुनं_ते_सोनं

*

थॉमससाहेबांचा इशारा मी डॉक्टर म्हणून पुढे नेते. गच्चीवाली, तुझ्या प्रमाणात एका शॉटमध्ये साडेसात मिली व्होडका येते. म्हणजे चार शॉट्स = एक स्मॉल पेग. पण गार पाण्याच्या जागीही व्होडकाच घातलीस, म्हणजे एकूण एक कप, तर दोन शॉट्सनाच पेग होतो. हा आकडा ट्रेवर चिठ्ठी लावून लिही. ग्लासातली दारू माणूस मोजतो, जेली मोजत नाही. पाच मिनिटांत सहा गिळतो आणि चढते अर्ध्या तासाने, तोवर त्याने स्कूटरची किल्ली शोधलेली असते. आणि महाराष्ट्रात व्होडका-रमसाठी कायद्याने वय २५ लागतं, भाचीचं किती?

मुलांसाठी जेली करणार असशील तर आकारच वेगळा ठेव, नुसता रंग वेगळा नको. रात्री गच्चीवरच्या दिव्यांत लाल आणि केशरी सारखेच दिसतात. मोठ्यांचा ट्रे मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी, आणि उरलेले दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये नकोतच. सकाळी उठून आधी फ्रिज कोण उघडतं? मुलंच.

— स्टेथोस्कोप

*

नागपूरहून एक भर. संत्र्याच्या अर्ध्या सालीत जेली भरून फोडी कापतात, ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. आपल्या संत्र्यावर ते करू नका. साल सैल आणि पातळ, गर काढताना देठाशी हमखास भोक पडतं आणि जेली ट्रेमध्ये. जाड, घट्ट सालीची मोसंबी किंवा माल्टा घ्या. संत्र्याचा रस काढा, तो आत घाला. वाट्या डुगडुगू नयेत म्हणून माईंचं इडलीपात्र इथेही चालेल. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यायची, एका झटक्यात चिरायचं, करवतीसारखं नाही.

— बर्डीवाला

*

भाची २६ची आहे, कागद तपासले! ठरलं ते असं : सगळंच चायना ग्रासवर, म्हणजे दोन वेगळे ट्रे सांभाळायला नकोत. मोठ्यांचे मोसंबीच्या फोडींत, मुलांचे कोकमाचे इडलीच्या आकारात, ट्रेवर स्टेथोस्कोपबाईंची चिठ्ठी. फेणी पुण्यात कुठे मिळवायची ते काजूबोंड यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. आणि काकडीकाका, शेंगदाणे आहेत, खारे आणि मसाला दोन्ही.

— गच्चीवाली