प्रतिसाद : ‘कात्रण’ केवळ वर्तमानपत्राचे नव्हे
‘कात्रण’ म्हणजे वर्तमानपत्रातून कापून ठेवलेला मजकूर, एवढाच अर्थ या शब्दावरच्या चर्चेत दिला गेला आहे आणि तो अपुरा आहे. ठाण्यात नौपाड्यातल्या शिंप्यांकडे कापड बेतून उरलेल्या तुकड्यांनाही कात्रणच म्हणतात, आणि माझ्या मते मूळ क्रियेला हाच अर्थ अधिक जवळचा आहे. संस्कृत ‘कृत्’ म्हणजे कापणे. त्यापासून ‘कर्तरी’, प्राकृतात ‘कत्तरी’ आणि पुढे मराठीत कात्री, कातरणे, कात्रण अशी परंपरा सरळ लागते (‘केशकर्तनालया’तील कर्तनही त्याच धातूचे). सूत कातण्याशी मात्र याचा संबंध कृपया जोडू नये, कारण तेथील ‘कृत्’ हा वेष्टन या अर्थाचा निराळा धातू आहे. चिंधीही वेगळीच, ती फाटूनही होते, कात्रणाला कात्री लागते.