ट्रान्स ऐकायचा तर नऊ मिनिटं द्या

कृष्णाकाठ_सांगली: ट्रान्स म्हणजे एकसारख्या ठोक्यावर सावकाश बदलत जाणारं, नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत. वरातीत, जिममध्ये, मिरवणुकीत ‘ट्रान्स’ म्हणून जे वाजतं ते ऐकून जीव तुटतो. तीन मिनिटांचं गाणं, मध्ये एक गोड आवाज, ठोके दाट होत जातात, क्षणभर शांतता आणि मग धडाम्. पुढच्या गाण्यात पुन्हा तेच. हा ट्रान्स नाही, त्याचं नाव लावून विकलेला माल आहे.

90 च्या दशकात हणजूणच्या किनाऱ्यावर गोवा ट्रान्स घडला. उन्हात, वाळूत तबकड्या टिकत नसत, म्हणून डीजे डॅट टेपवर, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटवर, वाजवायचे. एका ट्रॅकमधून दुसऱ्यात जाताना टेपचा वेग जुळवता येत नसे, त्यामुळे ट्रॅकची सुरुवात आणि शेवट लांब ठेवणं सोयीचं पडायचं. त्या लांबीतच खरी गंमत आहे. एका किकमागे, म्हणजे ड्रमच्या जड ठोक्यामागे, बेसचे (खालच्या सुराचे) तीन बारीक ठोके, तेच तेच, आणि त्यावर आवाज दबका-मोकळा करणारा फिल्टर इतका सावकाश उघडतो की आवाज कधी बदलला ते कळत नाही. रोलँडचं टीबी-303 ऐका. 1981 मध्ये बेसची साथ द्यायला काढलेलं हे यंत्र चाललं नाही, 1984 ला बंद पडलं. पुढे त्याचाच चिरकणारा, ओलसर आवाज या संगीताचा कणा झाला. तीन मिनिटांत हे सगळं बसवणार कसं?

अजिंक्यतारा_सातारा: मला पटलं नाही. ट्रान्स फक्त गोव्याचा नाही. त्याच काळात जर्मनीत फ्रँकफर्टलाही घडत होता, आणि तिथे सुरावट पहिल्यापासून होती. 2004 ला अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनात खेळाडूंच्या संचलनाला टिएस्टो या डच डीजेने वाजवलं, तेव्हा कुठे हे संगीत घराघरात गेलं. साताऱ्यातल्या पोराला हणजूणचं आवतण कोण देत होतं? मोठ्या स्टेजवाल्यांमुळेच मी इथवर आलो. त्यांना माल म्हणता, म्हणजे मलाही दारातून हाकलता.

कृष्णाकाठ_सांगली: तुम्हाला कोण हाकलतंय? दारातून आत या एवढंच म्हणतोय. सुरावटीशी भांडण नाहीच. प्रत्येक ट्रॅक मोबाइलच्या व्हिडिओत कापून बसावा म्हणून बेतलेला असतो, त्याच्याशी आहे.

मिरजेची_ताई: दोघांचंही ऐकलं. रात्रभराच्या सेटचं कौतुक सांगता, पण रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर लावायला बंदी आहे, 2000 सालच्या नियमांपासून. डोंगरावर जाऊन लावलं तरी खालच्या वस्तीला त्रास होतोच. आमच्या घरात आजारी माणूस आहे, मला हे अनुभवाने माहीत आहे.

कृष्णाकाठ_सांगली: ताई, अगदी बरोबर. उघड्यावर रात्री लावूच नये, दुपारी बंद हॉलमध्ये लावावं. पण तुमच्याच गावाचं उदाहरण देतो. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, आजही दर्ग्यात त्यांच्या स्मृतीसाठी गाणं होतं. तिथे विलंबित ख्याल ऐकताना कुणी ‘धडाम् कधी येणार’ विचारतं का? सुराला वेळ द्यायची सवय आपल्याकडे आहे, ती इथेही वापरा एवढंच मागणं.

अजिंक्यतारा_सातारा: वेळ देईन. नऊ मिनिटांचा ट्रॅक पाठवा, मध्ये न थांबता ऐकतो. पण खरा कोणता नि खोटा कोणता हा शिक्का तुम्ही मारायचा, हे मान्य नाही.