राजीनामा फेका आणि उभे राहा म्हणे!

खडूचा तुकडा: काल एका महाशयांनी या चर्चेत राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांना ललकारलं. मिनेसोटात कार्लटन कॉलेजचा पॉल वेलस्टोन १९९० साली सिनेटर झाला, तुम्हीही राजीनामे फेका आणि निवडणुकीला उभे राहा! फेकायला तो चहाचा कप आहे का? १ नोव्हेंबर २००५ आधी लागलेल्या अनुदानित प्राध्यापकाने 'राजीनामा' हा शब्द लिहिला की मागची सेवा जप्त, पेन्शन गेली. अर्हताकारी, म्हणजे पेन्शनला धरली जाणारी, सेवा वीस वर्षं भरली असेल तर स्वेच्छानिवृत्ती मागायची. तिला तीन महिन्यांची नोटीस लागते, आणि आचारसंहिता लागल्यावर जागं होणाऱ्याकडे तेवढे दिवस नसतात.

मधली सुट्टी: मुळात त्याने सोडायचं कशाला? राज्यघटनेच्या कलम १९१ मध्ये आमदारकीला अपात्र ठरवणारं लाभाचं पद शासनाखालचं असावं लागतं. अनुदानित कॉलेजात पगार शासनाचा, पण नेमणारी आणि काढणारी संस्था. न्यायालय नुसती पगाराची स्लिप बघत नाही. अडकतो तो शासकीय कॉलेजवाला.

खडूचा तुकडा: आणि तो चांगलाच अडकतो. छाननीला राजीनामा मंजूर नसेल तर अर्ज बाद. मध्य प्रदेशात २०२३ साली उपजिल्हाधिकारी निशा बांगरेंचा राजीनामा मंजूर होईपर्यंत काँग्रेसने आमला मतदारसंघातून दुसराच उमेदवार दिला होता.

सीएचबी जिंदाबाद: सरांनी खुशाल जावं. त्यांची जागा भरणार नाहीत, आमच्यासारख्या सीएचबीवाल्यांकडून, म्हणजे तासिका तत्त्वावरच्यांकडून, काम भागवतील. त्यावर एक ओळ नाही कुणाची!

दांडीबहाद्दर: योगेंद्र यादव विसरलात? निवडणुकांचा एवढा अभ्यास, तरी २०१४ ला गुडगावात अनामत गेली. ती वाचवायला वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, ती बूथवर माणसं बसवणाऱ्याला मिळतात. वेलस्टोनसुद्धा १९८२ ला राज्याच्या लेखापरीक्षकपदाला पडला होता. मधली वर्षं शेतकरी आणि संपकरी कामगारांत घालवली. ललकारीत ती आठ वर्षं कुठायत?

मधली सुट्टी: म्हणून तर विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ. मतदार शिकलेला, प्राध्यापकाला सोपं.

दांडीबहाद्दर: सोपं?? दर निवडणुकीला यादी कोरी. मागच्या वेळी नाव होतं म्हणून चालत नाही, नमुना १८, म्हणजे मतदार नोंदणीचा फॉर्म, पुन्हा भरायचा, पदवीला १ नोव्हेंबरला तीन वर्षं झालेली हवीत. पुणे विभाग म्हणजे पाच जिल्हे. ज्याने फॉर्म भरून घेतले त्याचीच यादी. वर विधानसभेसारखी ४० लाखांची खर्चमर्यादाही इथे नाही.

मधली सुट्टी: फॉर्म गोळा करणं म्हणजे लोकशाही नव्हे.

दांडीबहाद्दर: नसेल. पण तुमचा 'शिकलेला मतदार' मत बाद करून येतो. इथे उमेदवारांपुढे पसंतीचे क्रमांक लिहायचे असतात. बरोबरची खूण करतो, 'एक' अक्षरात लिहितो, खिशातलं पेन काढतो. केंद्रावरचाच जांभळा स्केचपेन, आणि पहिली पसंती १ अशी आकड्यात. तो नाही तर बाकीचे पसंतीक्रम फुकट.

मधली सुट्टी: आकडा रोमन चालतो का, हेही सांगून टाका, मास्तर.

दांडीबहाद्दर: चालतो. देवनागरीही चालतो. टोमणा तेवढा चालत नाही.

सीएचबी जिंदाबाद: रिक्त जागा???

खडूचा तुकडा: स्केचपेनवरून हमरीतुमरी! पदवीधरांचीच चर्चा, शंका नाही.

मधली सुट्टी: बरं, नमुना १८ चं मानलं, हजेरी लावा माझी. पण अनुदानितवाल्याने नोकरी का सोडावी, याचं उत्तर एकानेही दिलेलं नाही.