मदत हवी आहे: पटणाऱ्याला मत द्यायचं की जिंकू शकणाऱ्याला?

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये राहतो, पासपोर्ट भारतीयच. कॉमनवेल्थ देशाचे नागरिक म्हणून आपल्यालाही इथे संसदेसाठी मतदान करता येतं. पुढच्या निवडणुकीत ते नीट विचार करून करायचंय.

अडचण अशी की मला ज्यांची धोरणं पटतात तो पक्ष आमच्या मतदारसंघात कायम तिसरा. परवा दुसऱ्या एका पक्षाचं पत्रक घरात येऊन पडलं. त्यावर मोठा आलेख, 'इथे फक्त आम्हीच जिंकू शकतो' म्हणून. पट्ट्यांची उंची खालच्या आकड्यांशी जुळतच नाही! पण मुद्दा अगदीच खोटा नाही. २०२४ मध्ये लेबर पक्षाला सुमारे ३४ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या, रिफॉर्म यूके या पक्षाला १४ टक्के मतांवर फक्त ५.

त्यात सध्याच्या खासदारबाई कामाच्या आहेत. आमच्या शेजाऱ्यांचं अडकलेलं व्हिसाचं काम त्यांनी पाठपुरावा करून मार्गी लावलं. त्यांचा पक्ष मात्र मला नको.

लेस्टर, हॅरोकडच्या जुन्या मंडळींनी कृपया सांगा: तुम्ही उमेदवार बघता, पक्ष बघता, की कोणाला पाडायचं ते? आणि तिसऱ्या पक्षाला दिलेलं मत खरंच वाया जातं का?