ऋण प्रबलन म्हणजे शिक्षाच ना?

रात्रपाळी:
नोकरी सांभाळून मानसशास्त्राची परीक्षा देतेय. नोट्समध्ये ऋण प्रबलनाची व्याख्या अशी आहे: ‘अप्रिय उद्दीपक दूर झाल्याने वर्तनाची वारंवारिता वाढणे.’ पाठ झाली, पण डोक्यात काही शिरत नाही. अप्रिय गोष्ट आली म्हणजे शिक्षाच झाली ना? वर्गातल्या निम्म्या जणांनी तसंच लिहिलंय.

खडूफळा:
मग निम्म्यांचे मार्क गेले. दर वर्षी जातात, तपासून तपासून हात दुखतो.

आधी एवढंच बघा: वर्तन वाढलं की घटलं? वाढलं तर प्रबलन, घटलं तर शिक्षा. मग बघा, काही दिलं की काढून घेतलं. दिलं तर धन, काढलं तर ऋण.

मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगाच्या पेटीत उंदराच्या पायाखालच्या जाळीतून विजेचा झटका येत राहतो. कळ दाबली की बंद. उंदीर कळ दाबायला शिकतो, हे ऋण प्रबलन. गाडीचा पट्टा लावेपर्यंत जे टुंगटुंग वाजत राहतं, त्याचंही तेच. उलट वेगात गाडी हाकल्याबद्दल दंड बसला आणि वेग उतरला, तर ती ऋण शिक्षा, कारण पैसे काढून घेतले. हो, शिक्षाही ऋण असते. परीक्षक नेमकं हेच विचारतात.

उगाच_शंका:
मूल आरडाओरडा करतं, आई मोबाइल देते, मूल गप्प. इथे तर सरळ धन प्रबलन आहे.

खडूफळा:
मुलाच्या बाजूने, हो. आता आईकडे बघा. मोबाइल हातात ठेवला आणि कानाशी चाललेला गोंगाट थांबला. पुढच्या वेळी ती आणखी लवकर देणार. तिचं वर्तन ऋण प्रबलनाने पक्कं झालं. दोघं एकमेकांना शिकवतायत आणि दोघांनाही पत्ता नाही. आक्रमक मुलांच्या घरांत चालणारी हीच साखळी मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी अभ्यासली.

आईने एक दिवस ठाम राहायचं ठरवलं, तर आरडाओरडा पुष्कळदा आधी वाढतो आणि मगच ओसरतो. विलोपनाची, म्हणजे प्रबलन बंद झाल्यावर वर्तन विझत जाण्याची, सुरुवात पुष्कळदा अशीच असते. नेमका तो टिपेला पोचलेला असताना तिने माघार घेतली, की मूल टिपेचाच सूर शिकतं.

माझ्या मते या व्याख्येचा खरा उपयोग भीती समजायला होतो. लिफ्टला घाबरणारा माणूस दारापर्यंत जातो, छाती धडधडते, वळून जिना धरतो, धडधड थांबते. ती सुटका म्हणजेच प्रबलन. लिफ्टमध्ये काही होत नाही, हे कळायची वेळच येत नाही. मानसशास्त्रज्ञ मॉवरर यांनी १९४७ मध्ये हे दोन भागांत मांडलं: भीती जडते अभिजात अभिसंधानाने, म्हणजे दोन गोष्टींची सांगड बसून, घंटेने लाळ सुटणाऱ्या पावलोवच्या कुत्र्यासारखी; टाळणं टिकतं साधक अभिसंधानाने, म्हणजे वर्तनाच्या परिणामातून शिकून. म्हणून उपचारात टप्प्याटप्प्याने लिफ्टमध्येच नेतात आणि धडधड उतरेपर्यंत तिथेच थांबायला लावतात.

रात्रपाळी:
आता पडला उजेड. म्हणजे गोळी घेतल्यावर डोकं दुखायचं थांबलं आणि पुढच्या वेळी लगेच गोळी घेतली, तर ऋण प्रबलन. आणि उशीर झाला की साहेब झापतात, ती धन शिक्षा?

खडूफळा:
गोळीचं बरोबर. झापल्यावर उशीर कमी झाला का?

रात्रपाळी:
नाही हो.

खडूफळा:
मग व्याख्येप्रमाणे ती शिक्षाच नाही. साहेबांना कितीही वाटो.